कापड टॅक्सीला!

मानपाडे दोन आहेत. एक ठाण्यात, घोडबंदर रस्त्यावर. दुसरा डोंबिवलीत, कल्याण-शिळ रस्त्याला लागून. आम्ही दुसऱ्यातले. आमच्याकडे पहिल्यांदा येणारे निम्मे पाहुणे आधी ठाण्याच्या मानपाड्याला जातात, तिथून फोन करून ‘आम्ही पोचलो, खाली या’ म्हणतात आणि दीड-दोन तासांनी घामाघूम होऊन आमच्या मानपाड्याला येतात. एवढ्या कष्टाने आलेला माणूस घरात शिरला की पाणी मागण्याच्या आधी बसायला जागा शोधतो. आणि त्याला पहिली दिसते ती गॅलरीतली आमची मोटार.

मोटार म्हणजे अख्खी नव्हे. तिची मागची सीट. प्रीमियर पद्मिनीची, अखंड, तीन माणसं आणि त्यांच्या मांडीवर दोन पोरं बसतील अशी. बाकीची पद्मिनी २००९ साली भंगारात गेली. भंगारवाला म्हणाला, ‘सीटचे वेगळे पैसे नाहीत.’ मी म्हटलं, ‘मग सीट वेगळी राहू दे.’ तेव्हापासून ती खालच्या लोखंडी चौकटीवर आमच्याकडे आहे. बायकोने त्या काळापासून आजपर्यंत ती काढून टाकण्याविषयी जेवढे प्रस्ताव मांडले, तेवढे आमच्या बँकेच्या संचालक मंडळापुढेही कधी आले नसतील.

या सीटवरून मी वाद घालायला बसलो आहे. माझी बाजू चुकीची आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी आपापल्या लेदरच्या सीटवर बसून खुशाल वाचावं. चटका बसला तर मी जबाबदार नाही.

झालं असं. पुतण्याने नवी मोटार घेतली. कर्जाचे कागद माझ्याच बँकेत, माझ्याच टेबलावरून गेले, तेव्हा तिच्यावर माझाही थोडा हक्क आहे असं मी धरून चाललो होतो. रविवारी तो म्हणाला, ‘काका, सीट कव्हर घ्यायला येता?’ मानपाडा रोडवर एक दुकान आहे, तिथे गेलो. दुकानदाराने काळ्या रंगाचे सतरा नमुने टाकले. काळा, गर्द काळा, चकचकीत काळा आणि काळ्यावर लाल दोऱ्याची शिलाई.

‘हे कसलं?’ मी विचारलं.

‘लेदर साहेब. पी. यू. लेदर.’

आता म्हशीचं चामडं मला माहीत आहे, बकऱ्याचं माहीत आहे. पी. यू. नावाचं जनावर मी राणीच्या बागेतसुद्धा पाहिलेलं नाही. मी म्हटलं, ‘कापडाचं दाखवा. चौकडीचं असेल तर बरं.’

दुकानदाराने माझ्याकडे नाही, पुतण्याकडे पाहिलं. घरातल्या म्हाताऱ्याला डॉक्टरकडे नेल्यावर डॉक्टर मुलाकडे पाहून बोलतात, तसं. ‘साहेब, कापड टॅक्सीला! हा रेसिंग लूक आहे. रेसच्या गाडीत असंच असतं.’

पुतण्या लाजला. काळं घेतलं. वर ते खराब होऊ नये म्हणून दुकानदाराने पारदर्शक प्लॅस्टिकचं आवरण फुकट दिलं. म्हणजे कंपनीने दिलेल्या कापडावर काळं कव्हर, त्यावर प्लॅस्टिक आणि सगळ्यात वर पुतण्या.

मी तिथे काही बोललो नाही. दुकानात मला कधीच वेळेवर सुचत नाही. घरी आलो, सीटवर बसलो आणि सुचायला लागलं.

पहिला मुद्दा. ‘रेसच्या गाडीत असंच असतं’ हे साफ खोटं आहे.

१ मे १९५५. इटलीतल्या ब्रेशा गावाहून रोमला जाऊन परत ब्रेशाला, साध्या वाहत्या रस्त्यांवरून सुमारे सोळाशे किलोमीटरची शर्यत. नाव मिले मिल्या. स्टर्लिंग मॉस नावाचा पंचवीस वर्षांचा इंग्रज पोरगा मर्सिडीज घेऊन निघाला. गाडीचा नंबर ७२२, कारण ती सकाळी ७ वाजून २२ मिनिटांनी सुटली. (डोंबिवलीकराला ७:२२ म्हटलं की दुसरंच काही आठवतं, पण तेही जीव मुठीत धरूनच पकडायचं असतं.) शेजारी डेनिस जेन्किन्सन हा दाढीवाला वार्ताहर. त्याच्या हातात रस्त्याची सगळी वळणं लिहिलेली पाच-साडेपाच मीटरची कागदाची गुंडाळी, कीर्तनकाराच्या पोथीसारखी. १० तास ७ मिनिटं ४८ सेकंदांत दोघं परत आले. सरासरी वेग ताशी १५७ किलोमीटरच्या वर. मानपाड्याहून शिळफाट्यापर्यंतची आमची सरासरी मी इथे सांगत नाही. शेजारच्या गावात बदनामी नको.

तर या मोटारीत दोघांच्या बुडाखाली काय होतं? काळं चामडं? लाल शिलाई? चौकडीचं कापड होतं! निळसर चौकडीचं, आपल्याकडे लुंगीला शोभेल असं. त्याच कंपनीच्या ज्या शर्यतीच्या गाडीने हुआन मान्वेल फांजिओला १९५४ आणि १९५५ च्या जगज्जेतेपदांपर्यंत पोचवलं, तिच्यातही चौकडीच होती.

आणि ती हौसेखातर नव्हती. त्या दोघांना मिले मिल्यात कमरेला पट्टा बांधलेला नव्हता. वळणावर माणसाला गाडीत धरून ठेवायचं काम सीटच्या खोलगट आकाराचं आणि तिच्या कापडाचं. शेजारी इंजिन तापलेलं, अंग घामाने भिजलेलं. अशा वेळी गुळगुळीत चामड्यावरून माणूस साबणाच्या वडीसारखा सरकतो. कापड घाम पितं, वारा खेळू देतं आणि पाठीला धरून ठेवतं. चौकडी कशाला? कारण ती छापलेली नसते, रंगवलेल्या सुतातून विणलेली असते. घासून उडत नाही. शिवाय तेलाचा डाग पडला तर तो चौकडीत आणखी एक चौकट म्हणून खपून जातो. हे ज्या गृहिणीने एकदा तरी पांढरा अभ्रा धुतलाय तिला समजावून सांगायला नको.

पुढे रस्त्यावरच्या गाड्यांनी हेच उचललं. पंखांसारखी वर उघडणाऱ्या दारांची मर्सिडीज ३०० एसएल १९५४ साली आली, तिच्यात चौकडीचं कापड ठरलेल्या किमतीत मिळे आणि चामडं हवं असेल तर वरचे पैसे. पोर्शेने १९६५ साली आपल्या ९११ मध्ये ‘पेपिटा’ नावाचं बारीक काळं-पांढरं कापड देऊ केलं. पेपिटा ही एकोणिसाव्या शतकातली एक स्पॅनिश नर्तिका. तिच्या नावाचं कापड शंभरेक वर्षं टिकून मोटारीत जाऊन बसलं. आपल्याकडे नटीच्या नावाची साडी पुढच्या दिवाळीपर्यंत टिकत नाही. १९७४ साली पोर्शेच्या संस्थापकांची कन्या लुईझ पिएख सत्तर वर्षांची झाली तेव्हा तिला पहिली ९११ टर्बो भेट मिळाली. आत लाल-निळी स्कॉटिश चौकडी. सत्तरीच्या बाईला आपण काय देतो? शाल आणि श्रीफळ. शालीपुरतं त्यांचं-आपलं जमलं म्हणायचं. १९७६ साली फोक्सवॅगनच्या गोल्फ जीटीआयमध्ये गुनहिल्ड लिल्येक्विस्ट या बाईने लाल रेघांची चौकडी बसवली. ही बाई मूळची चिनीमातीच्या भांड्यांवर नक्षी काढणारी. म्हणजे जगातल्या नामांकित वेगवान गाडीची सीट ठरवली ती कपबशी रंगवणाऱ्या हाताने. १९७७ च्या पोर्शे ९२८ मध्ये तर शर्यत संपताना फडकणारा काळा-पांढरा झेंडाच सीटवर पसरल्यासारखं कापड आलं. त्यावर बसलं की पोटात ढवळत असेल, पण ते चामडं नव्हतं एवढंच मला सांगायचंय.

दुसरा मुद्दा. ही चौकडी मुळात आली कुठून? कुठल्या राजवाड्यातून? मुळीच नाही. पेपिटाची जवळची बहीण म्हणजे ती दातेरी काळी-पांढरी नक्षी. इंग्रजाला तिच्यात शिकारी कुत्र्याचा दात दिसतो, जर्मनाला कोंबड्याचं पाऊल. ज्याला जे चावलं असेल ते. हे दोन्ही प्रकार ज्या कुळातले, ते स्कॉटलंडच्या सरहद्दीवरच्या मेंढपाळांचं कापड. एक मेंढी काळी, एक पांढरी, दोघींची लोकर उभी-आडवी विणली की चौकडी तयार. रंगाचा खर्च शून्य. डोंगरावर पावसात अंगावर घ्यायचं, रात्री तेच पांघरायचं. थोडक्यात काय, घोंगडी! आपला धनगर जी खांद्यावर टाकून मेंढरांमागे हिंडतो तिचीच परदेशी मावसबहीण. तिकडची शिकून-सवरून पोर्शेत बसली. इकडची अजून एसटीच्या टपावर आहे.

आता कोणी चामडेवादी म्हणेल, ‘पण चामड्यात श्रीमंती आहे हो!’ त्याला इतिहास ठाऊक नाही. जुन्या मोठ्या मोटारी आठवा, ज्यांत चालक पुढे उघड्यावर आणि मालक मागे बंद खोलीत बसे. चामडं कुणाला? चालकाला! कारण त्याच्यावर पाऊस पडायचा आणि चामडं पुसून घेता येतं. मालकाला मागे मऊ लोकरीचं कापड. घोडागाडीपासून चालत आलेला हा रिवाज आहे. जपानात टोयोटाची सेंच्युरी नावाची बड्या लोकांची गाडी आहे, तिच्यात आजही लोकरीचं कापड मिळतं आणि मान त्याला आहे. म्हणजे आमच्या मानपाडा रोडवर लोक हजारो रुपये मोजून कशाचा थाट विकत घेतात? ड्रायव्हरच्या बाकड्याचा. तोही खोट्या चामड्याच्या.

दुसरा म्हणेल, ‘चामडं ओल्या फडक्याने पुसलं की स्वच्छ.’ हे मात्र कबूल. डॉक्टरकडचं तपासायचं टेबलसुद्धा याच कारणासाठी रेक्झिनचं असतं. पण त्यावर झोपून तुम्ही कधी ‘वा, काय थाट आहे’ म्हणाला आहात का?

आता घरच्या सीटकडे येतो, कारण खरं भांडण तिचं आहे.

वालचंद हिराचंद हे मूळ सोलापूरचे. १९४४ साली त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट निघाली आणि १९७४ पासून तिचंच नाव पद्मिनी झालं. कंपनीचा दुसरा कारखाना आमच्या शेजारी, याच कल्याण-शिळ रस्त्यावर होता. १९९०च्या दशकात तिथून प्यूजो ३०९ ही फ्रेंच गाडी निघत असे. आज त्या बाजूला टॉवर उभे आहेत. नाव तेवढं उरलंय. रिक्षावाले ‘प्रीमियर कॉलनी’ म्हणतात आणि मोठ्या सभा भरतात ते ‘प्रीमियर मैदान’. तिथे जमलेल्या पोराला विचारा, प्रीमियर म्हणजे काय. तो म्हणेल, सिनेमाचा पहिला खेळ.

बाबांनी १९९२ साली पद्मिनी घेतली, जुनी, तिसऱ्या हाताची. सीटचं रेक्झिन फाटून आतला काथ्या बाहेर आला होता. मे महिन्यात हाफ पँट घालून त्यावर बसलं की उठताना मांडीचं सालपट आणि रेक्झिन यांचा वियोग ऐकू येई. आईने दोन दिवस पाहिलं. तिसऱ्या दिवशी ट्रंकेतून सोलापुरी चादरी काढल्या. हिरव्या, पांढऱ्या चौकडीच्या, कडेला नक्षी असलेल्या. लग्नात आलेल्या, कधी न वापरलेल्या. शिलाई मशिनच्या तीन सुया मोडल्या तेव्हा तिने दाभण घेतलं आणि गॅलरीत बसून चार दुपारी हाताने कव्हर शिवलं. बाबा म्हणाले, ‘अगं, लोक टॅक्सी समजून हात करतील.’ आई म्हणाली, ‘करू देत. सोडा त्यांना स्टेशनपर्यंत.’

वालचंदशेठ सोलापूरचे आणि चादरही सोलापूरची, तेव्हा गाडीच्या अंगावर अखेर माहेरचं वस्त्र आलं, असं आता वाटतं. तेव्हा आम्हाला एवढंच कळलं की मांडी चिकटत नाही. दरवर्षी आम्ही त्या गाडीने तुळजापूरला जायचो. रेक्झिनच्या दिवसांत खंडाळ्याच्या प्रत्येक वळणाला आम्ही तिघं भावंडं एका बाजूला घसरून आत्याच्या अंगावर गोळा व्हायचो. चादर आली आणि वळणं घेऊनही जागच्या जागी राहिलो. मॉस आणि जेन्किन्सनला जे इटलीत कळलं ते आम्हाला बोरघाटात कळलं. फरक एवढाच, की आमचा वेग ताशी वीस होता आणि रस्त्याच्या गुंडाळीऐवजी आत्याच्या हातात पुरचुंडी होती, आवळासुपारीची.

आणि ‘कापड टॅक्सीला’ ही शिवी कशी होते, हेच मला कळत नाही. मी टॅक्सीवाल्यांच्या सीट पाहिल्या आहेत. गुलाबाची फुलं, मोराचे पिसारे, वेलबुट्ट्या, छताला वेगळी नक्षी, दाराला वेगळी. जो माणूस दिवसाचे बारा तास मुंबईच्या उकाड्यात सीटवर बसतो, त्याला बसण्यातलं जास्त कळतं की जो रविवारी मॉलपर्यंत जातो त्याला? टॅक्सीवाल्याने कापड निवडलं ही त्या कापडाची पदवी आहे. २०१५ साली संकेत अवलानी या तरुणाने ‘टॅक्सी फॅब्रिक’ नावाचा उपक्रम काढला आणि नव्या चित्रकारांकडून मुंबईच्या टॅक्सींच्या आतलं कापड चितारून घेतलं, तेव्हा जगभर त्याचं कौतुक झालं. टॅक्सीवाले हे काम तोवर कितीतरी वर्षं बिनकौतुकाचं करत होते.

आता मी बी. कॉम. आहे, तेव्हा थोडा हिशेब. २०२२ साली मॉसच्या गाडीच्या सख्ख्या भावंडांपैकी एक मर्सिडीज १३.५ कोटी युरोंना विकली गेली. म्हणजे तेव्हाच्या भावाने सुमारे अकराशे कोटी रुपये. त्यातले लोखंडाचे किती आणि नावाचे किती? नावाच्या भागाला आमच्या शास्त्रात ‘गुडविल’ म्हणतात. आपल्या गाडीच्या वाट्याला येतो तो घसारा. प्राप्तिकराच्या हिशेबात खासगी मोटारीला वर्षाला १५ टक्के आणि भाड्याने चालणाऱ्या टॅक्सीला ३० टक्के. पण या घसाऱ्याची एक गंमत आहे. दरवर्षी उरलेल्या किमतीचे ३० टक्के कापत जायचे, मग कितीही वर्षं कापा, किंमत शून्य होत नाही. रुपया राहील, पैसा राहील, पण काहीतरी उरतंच. इन्कमटॅक्सवाल्याला पद्मिनीत काहीतरी शिल्लक दिसतं. ती शून्यावर आणली ती आपण.

मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून त्या रस्त्यावरून गेल्या. निदान एक तरी काळी-पिवळी जपून ठेवा, अशी मागणी टॅक्सीवाल्यांच्या संघटनेने सरकारकडे त्याच्या काही वर्षं आधीच केली होती. तिला यश आलं नाही. निरोपाच्या दिवशी मात्र ज्याने-त्याने मोबाइलवरून हळहळ व्यक्त केली. ज्या लोकांनी पद्मिनीत बसताना ‘सीटला वास येतो’ म्हणून नाकाला रुमाल लावला होता, तेच रुमाल त्या दिवशी डोळ्यांना लागले.

माझी मागणी साधी आहे. प्रीमियरच्या नावाने मैदान आहे, कॉलनी आहे, तर आमच्या या रस्त्यावर कुठेतरी एक पद्मिनी उभी करा. काचेत नको. दारं उघडी ठेवा. आणि सीटवर टॅक्सीवाल्याच्या पसंतीचं फुलाफुलांचं कापड ठेवा. पोरांना बसू दे. जर्मन लोक आपल्या मेंढपाळी चौकडीला वारसा म्हणतात, कारण त्यांनी ती फेकली नाही. वारसा म्हणजे दुसरं काही नसतं, भंगारवाला आला तेव्हा कोणीतरी ‘हे राहू दे’ म्हटलेलं असतं.

हे सगळं मी एका रविवारी बायकोला एका दमात ऐकवलं. मॉस, पेपिटा, कपबशीवाली बाई, घोंगडी, अकराशे कोटी. तेवढ्यात पुतण्या आला. शिळफाट्याला पाऊण तास उन्हात अडकला होता. शर्टाची पाठ ओली आणि तिच्यावर प्लॅस्टिकची इस्त्री झालेली. काही न बोलता तो गॅलरीतल्या सीटवर पसरला. पाच मिनिटांनी हात चादरीवरून फिरवत म्हणाला, ‘काका, हे कापड कुठे मिळतं?’

मी सांगितलं, ‘चादर सोलापूरला मिळेल. शिवणारी आता मिळायची नाही.’

तो थोडा वेळ गप्प बसला. बायकोही गप्प. ती सीटकडे अशी पाहत होती की मला वाटलं, जिंकलो! पंधरा वर्षांचा प्रस्ताव आज फेटाळला गेला.

संध्याकाळी बँकेतल्या मित्राकडे जाऊन आलो. दार उघडून पाहतो तो सीट जागेवरच होती, चांगली झटकून-पुसून. बायको अभिमानाने म्हणाली, ‘एवढी किमती वस्तू आहे, अशी उघडी कशी ठेवायची?’

सीटवर पारदर्शक प्लॅस्टिकचं आवरण होतं. पुतण्याने आपल्या गाडीतलं काढून दिलं होतं.